रॉयख्लिन ज्यूंचा कैवारी होता की विरोधक? आणि तो हिब्रू शिकला तरी कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळी अंकासाठी जर्मन विद्वान योहानेस रॉयख्लिनवर (१४५५–१५२२) मोठा लेख लिहायचा आहे. एका ठिकाणी तो ‘ज्यूंच्या ग्रंथांचा रक्षणकर्ता’ आहे, तर दुसरीकडे त्याच माणसाने १५०५ मध्ये ज्यूंना दोष देणारं पत्रक छापल्याचं वाचायला मिळतं. यातलं खरं काय, कोश-व्याकरण हाताशी नसताना तो हिब्रू शिकला कसा, आणि लॅटिन जेमतेम येत असताना त्याची मूळ पुस्तकं तुम्हाला उघडून पाहता येतील का.

मला वाटतं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं आहे. ‘मित्र की शत्रू’ असं विचारलं की निवडक वाक्यं गोळा करून दोन्ही बाजूंनी लेख लिहिता येतो, आणि तसे लेख भरपूर आहेत. त्यापेक्षा त्याला काय हवं होतं ते बघा. त्याला हिब्रू जाणणारा शिक्षक हवा होता, पुस्तकं हवी होती, आणि या दोन्हींसाठी पैसा. तिन्ही गोष्टी कुठून आल्या हे लावत गेलात की १५०५ चं पत्रक आणि ज्यूंची पुस्तकं नष्ट करू नयेत असं सांगणारं त्याचं १५१० चं मत एकाच माणसाची वाटू लागतात. अर्थात, तुमचा लेख धर्माच्या इतिहासाकडे झुकणार असेल तर भर वेगळ्या जागी द्यावा लागेल. मी भाषेच्या बाजूने सांगतो, कारण मला जुन्या हिब्रू-लॅटिन छापील पानांचीच सवय आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. रॉयख्लिन हा आयुष्यभर हिब्रूचा प्राध्यापक नव्हता. तो व्यवसायाने वकील. जन्म फोर्ट्सहाइमचा, शिक्षण फ्रायबुर्ग, पॅरिस, बासेल, मग ऑर्लेआँ आणि प्वातिए इथे कायदा. १४८२ पासून तो दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गचा सरदार एबरहार्ड याच्या पदरी होता, आणि १५०२ ते १५१३ स्वाबियन संघाच्या, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या राज्यांच्या आणि शहरांच्या संघाच्या, न्यायालयात न्यायाधीश. विद्यापीठात हिब्रू शिकवण्याचं काम त्याला मिळालं ते थेट १५२० मध्ये, इंगोलश्टाटला, वयाच्या पासष्टीत. त्यानंतर ट्युबिंगेन, आणि ३० जून १५२२ ला मृत्यू. म्हणजे आपण ज्या कामासाठी त्याला ओळखतो ते सगळं त्याने कचेरी सांभाळून, फावल्या वेळात आणि स्वतःच्या खिशातून केलं. लेखात हे सुरुवातीलाच आलं पाहिजे, नाहीतर पुढचा खर्चाचा हिशेब वाचकाला कळणार नाही.

आता शिक्षकाचा प्रश्न. १४९० च्या सुमारास जर्मन प्रदेशातल्या ख्रिस्ती माणसाला हिब्रू शिकायचं असेल तर ज्यू शिक्षकाला किंवा धर्मांतर केलेल्या ज्यूला पर्याय नव्हता. कागदावर सोय होती: १३१२ च्या व्हिएनच्या धर्मपरिषदेने पॅरिस, ऑक्सफर्ड, बोलोन्या, सालामांका इथे हिब्रू शिकवावी असा ठराव केला होता. पण ठराव कागदावरच राहिला. आणि ज्यू तर एकेका गावातून हाकलले जात होते. ट्युबिंगेनचं विद्यापीठ १४७७ मध्ये निघालं, त्याच वर्षी तिथल्या ज्यूंना गाव सोडावं लागलं. पुढे एबरहार्डने आपल्या मृत्युपत्रातच लिहून ठेवलं की या राज्यात ज्यूंनी राहू नये. म्हणजे रॉयख्लिनचा धनीच त्याच्या संभाव्य शिक्षकांना हद्दपार करत होता! हा विरोधाभास कुठल्याही दोन ओळींच्या चरित्रात सापडत नाही, पण तोच महत्त्वाचा आहे.

त्यामुळे त्याला शिक्षक मिळाले ते कामानिमित्त बाहेर पडल्यावर. १४९२ मध्ये एबरहार्डच्या वतीने तो लिंत्सला सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारात गेला. तिथे सम्राटाचा वैद्य होता याकोब बेन येहिएल लोआन्स, विद्वान ज्यू. वकिलीच्या कामातून वेळ काढून रॉयख्लिन त्याच्याकडे नेटाने शिकला. सम्राटाने त्याला बायबलचं एक मौल्यवान हिब्रू हस्तलिखित भेट दिलं. लोआन्सला तो पुढेही आपला गुरू म्हणत राहिला आणि त्याला हिब्रूतून पत्र लिहिलं. त्या काळी ख्रिस्ती माणसाने ज्यूला हिब्रूत, आदराने लिहिणं ही साधी गोष्ट नव्हती.

दुसरा गुरू १४९८ मध्ये रोमला भेटला. एबरहार्ड वारल्यावर व्युर्टेंबर्गमध्ये वारं फिरलं, रॉयख्लिन हायडेलबर्गला गेला, आणि तिथल्या राजपुत्राच्या कामासाठी रोमला. तिथे ओबाद्या स्फोर्नो, जो पुढे बायबलचा भाष्यकार म्हणून नावारूपाला आला, त्याने त्याला शिकवलं. रॉयख्लिनच्या बहिणीचा नातू फिलिप मेलांख्थोन सांगतो की तासाला एक सुवर्णनाणं असा दर होता. आकडा थोडा फुगवलेला असेल असं धरलं तरी शिकवणी महाग होती, एवढं त्यातून नक्की कळतं. लेखात हा आकडा वापरलात तर ‘मेलांख्थोनच्या म्हणण्यानुसार’ एवढे शब्द घालाच.

पुस्तकांचं म्हणाल तर छपाई नुकतीच सुरू झाली होती. संपूर्ण हिब्रू बायबल पहिल्यांदा छापलं गेलं ते इटलीत सोन्चिनो इथे, १४८८ मध्ये. व्याकरण आणि कोशासाठी आधार होता प्रोव्हान्सचा बाराव्या-तेराव्या शतकातला वैयाकरण दावीद किम्ही. त्याचे दोन ग्रंथ: ‘मिख्लोल’ म्हणजे व्याकरण आणि ‘सेफेर हाशोराशीम’ म्हणजे धातूंचा ग्रंथ. पण दोन्ही हिब्रूतच. म्हणजे हिब्रू शिकायला जे पुस्तक लागतं ते वाचायला आधी हिब्रू यायला हवी! इथे शिक्षक का लागतो हे वेगळं सांगायला नको.

रॉयख्लिनने नेमकं हे कोडं सोडवलं. मार्च १५०६ मध्ये फोर्ट्सहाइमला थोमास आन्सहेल्मच्या छापखान्यातून ‘दे रुदिमेंतिस हेब्राइकिस’, म्हणजे ‘हिब्रूची मूलतत्त्वं’, हे सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक निघालं. तीन भाग: पहिल्या दोनांत अक्षरओळख आणि कोश, तिसऱ्यात व्याकरण. पाया किम्हीचा, भाषा लॅटिन, अर्पण भाऊ दिओनिसिउसला. ‘ख्रिस्ती माणसाने लिहिलेलं पहिलं हिब्रू व्याकरण’ असं सरसकट लिहू नका. कोनराड पेलिकानचं छोटं पुस्तक १५०४ मध्ये छापून आलं होतं. पण पेलिकानचं पुस्तक म्हणजे वाचनाची किल्ली, आणि हे म्हणजे घर. शिक्षकाशिवाय एखाद्या लॅटिन जाणणाऱ्याने बायबलचं हिब्रू पान लावावं, इतकी सोय पहिल्यांदा इथे झाली.

ही सोय काय होती ते एका शब्दावर दाखवतो, कारण तुमच्या वाचकाला ते दिसलं तर बाकीचं पटेल. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाच्या सतराव्या वचनात, देवाने सूर्य-चंद्र आकाशात ठेवले तिथे, पहिला शब्द आहे ‘वय्यित्तेन’. उजवीकडून डावीकडे चार अक्षरं: वाव, योद, ताव, आणि शेवटचं नून. लॅटिनच्या सवयीचा माणूस हा शब्द कोशात ‘वाव’खाली शोधेल आणि त्याला काहीही मिळणार नाही. करायचं काय, तर आधी वाव बाजूला काढा, तो ‘आणि’. मग योद काढा, तो ‘त्याने’ दाखवणारा. उरले ताव आणि नून, दोनच. हिब्रू धातू बहुतेक तीन व्यंजनांचा, म्हणजे एक हरवलंय. तावच्या पोटात एक टिंब आहे, त्याला दागेश म्हणतात. ते टिंब सांगतं की ताव दुहेरी झालाय, आधीचा कोणीतरी त्याच्यात मिसळून गेलाय. असं मिसळून जाणारं नेहमीचं अक्षर म्हणजे नून. तेव्हा धातू नून-ताव-नून, नातान, ‘देणे, ठेवणे’. आता कोशात नूनखाली जा. शब्दात जे अक्षर सुरुवातीला दिसतच नव्हतं, त्याखाली शब्द सापडला.

मराठी माणसाला हे खरं तर अवघड जाऊ नये. ‘गेला’ हा शब्द आपण कोशात ‘ग’खाली शोधत नाही, ‘जाणे’ बघतो. ‘पाण्यातही’ दिसलं तर ‘पाणी’कडे जातो. ज्याला संस्कृत धातुपाठाची थोडी ओळख आहे त्याला तर ‘शोरेश’ म्हणजे मूळ, धातू, ही कल्पना घरचीच वाटेल. पण सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या लॅटिन विद्वानाला ती ओळखीची नव्हती, आणि रॉयख्लिनने कोश धातूंवार लावून त्याला ती सवय लावली. एका वचनाला सुरुवातीला अर्धा तास लागतो. शब्दाला किती उपसर्ग चिकटलेत, कोणतं दुबळं अक्षर गळालंय, हे हात बसल्याशिवाय कळत नाही. दालेथ आणि रेश, बेथ आणि काफ, हे आणि खेथ ही दिसायला जवळजवळ सारखी अक्षरं, आणि त्या वेळचा छपाईचा खिळा काही आजच्यासारखा रेखीव नाही. दालेथचा कोपरा झिजला की रेश तयार. चूक होते ती बहुतेकदा इथे, व्याकरणात नाही.

इथे एक छोटं आडवळण घेतो, मराठी वाचकासाठी. १८३२ मध्ये मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने कोकणातल्या बेने इस्राएल समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वं छापली. दिशा नेमकी उलटी: जर्मनीत ख्रिस्ती वकील ज्यू गुरूकडे बसला, आणि मुंबईत ज्यू विद्यार्थ्यांना ख्रिस्ती पाद्र्याने त्यांच्याच धर्मभाषेचं व्याकरण मराठीतून दिलं. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही याच वाटेवरचं काम. दोन ओळींत द्या, लांबवू नका, रॉयख्लिनशी थेट संबंध नाही.

परत खर्चाकडे. ‘रुदिमेंतिस’चा छपाईखर्च रॉयख्लिनने स्वतः उचलला आणि पुस्तक पडून राहिलं. शेकडो प्रती खपेनात, शेवटी बासेलचा प्रकाशक योहान आमरबाख याच्या गळ्यात माल घालण्यासाठी पत्रव्यवहार करावा लागला. त्याचा सूर मात्र रडका नाही. जगलो तर हिब्रू पुढे येईलच, मेलो तरी सुरुवात करून ठेवलीय, असं तो आमरबाखला कळवतो. पुस्तकाच्या शेवटी तर त्याने रोमन कवी होरेसची ओळ टाकली आहे, ब्राँझहून टिकाऊ स्मारक उभारल्याची. गिऱ्हाईक नसलेल्या पुस्तकाला हे जरा जास्तच, पण तो चुकला नाही. पुढे रोमच्या चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या मार्टिन ल्युथरसारखे त्याचे वाचक याच पुस्तकावर हिब्रू शिकले.

याच पुस्तकात वादाचं बीही आहे. दोनशेहून जास्त ठिकाणी त्याने चर्चच्या अधिकृत लॅटिन बायबलातलं, म्हणजे व्हल्गेटमधलं भाषांतर हिब्रूशी जुळत नाही असं दाखवलं. त्याचं एक वाक्य प्रसिद्ध आहे: संत जेरोमला (व्हल्गेटचा भाषांतरकार) मी देवदूतासारखा मानतो, लीराच्या निकोलसला (मध्ययुगातला बायबलचा भाष्यकार) गुरू मानतो, पण सत्याला देव मानून पूजतो. वकिलाचं वाक्य आहे हे. साक्षीदार कितीही प्रतिष्ठित असो, मूळ दस्तऐवज बघू, असा त्याचा रोख.

आता १५०५ चं पत्रक. जर्मनमध्ये, एका सरदाराला उद्देशून, विषय: ज्यू इतका काळ हालअपेष्टांत का आहेत. उत्तर त्या काळचं ठरलेलं: येशूच्या मृत्यूचं सामूहिक पाप आणि त्यात अडून राहणं. शेवटी तो म्हणतो की ज्या ज्यूला ख्रिस्ती मत समजून घ्यायचं असेल त्याला मी शिकवीन आणि त्याच्या पोटापाण्याचंही बघीन. हे झाकू नका. लोआन्सचा शिष्य असतानाही त्याचं धर्ममत हेच होतं, आणि ते नंतर बदलल्याची खूण मला तरी दिसत नाही.

१५१० चं मत मात्र धर्ममत नव्हे, ते कायदेशीर अभिप्रायपत्र आहे, आणि तसंच वाचायला हवं. पार्श्वभूमी अशी. योहानेस फेफरकॉर्न हा धर्मांतर केलेला ज्यू, त्याने कोलोनच्या डोमिनिकन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या पाठिंब्याने सम्राट माक्सिमिलियनकडून १९ ऑगस्ट १५०९ ला आज्ञापत्र मिळवलं: ज्यूंची ख्रिस्ती धर्माविरुद्धची पुस्तकं जप्त करावीत. २८ सप्टेंबरला फ्रांकफुर्टच्या सिनेगॉगमधून (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १६८ पुस्तकं उचलली गेली. तिथल्या ज्यूंनी तक्रारी, वकिली, खटपटी केल्या, १५१० च्या वसंतात आणखी जप्ती झाली, आणि जूनमध्ये पुस्तकं परत मिळाली. तरी प्रश्न मिटला नव्हता. सम्राटाने माइन्झ, कोलोन, एर्फुर्ट, हायडेलबर्ग ही विद्यापीठं आणि काही व्यक्तींकडून मत मागवलं. रॉयख्लिनचं उत्तर ६ ऑक्टोबर १५१० चं.

तारखांचा क्रम नीट ठेवा, कारण ‘रॉयख्लिनने तालमुद (ज्यूंच्या धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ) जळण्यापासून वाचवला’ हे वाक्य इथेच डळमळतं. फ्रांकफुर्टची पुस्तकं त्याच्या मताच्या चार महिने आधीच घरी पोचली होती, आणि ती ज्यूंच्या स्वतःच्या धडपडीने. त्याचं मत पुढच्या जप्तीच्या आड आलं, एवढं म्हणता येईल. आणि तालमुद शेवटी जाळला गेलाच, रोममध्ये, १५५३ ला.

मतपत्र वाचताना वकील कसा मांडणी करतो ते बघा. तो आधी ‘ज्यूंची पुस्तकं’ हा ढीगच फोडतो, सात वर्ग करतो: बायबल, तालमुद, कब्बाला (ज्यूंची गूढविद्या), बायबलवरच्या टीका, प्रवचनं आणि वादविवाद, तत्त्वज्ञान आणि इतर विद्या, आणि सातवा, काव्यं, कथा, टवाळीची पुस्तकं. मग म्हणतो, कायद्याने नष्ट करण्याजोगं काही असेल तर या सातव्या वर्गात, आणि तिथेही तो ख्रिस्ती धर्मावर टीका करणारी दोनच नावं घेतो: ‘निझाखोन’ आणि ‘तोलदोथ येशू’. तेही रीतसर चौकशी करून. बाकीचं मालमत्ता आहे. ज्यू हे साम्राज्याचे नागरिक आहेत, रोमन कायदा त्यांनाही लागू आहे, सुनावणीशिवाय मालमत्ता हिरावता येत नाही. आणखी एक बारीक मुद्दा: ज्यू पाखंडी ठरू शकत नाहीत, कारण पाखंडी तो जो ख्रिस्ती मतातून घसरला, हे तर त्यात कधी नव्हतेच. इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंडी शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, अधिकारालाच हा धक्का होता, आणि कोलोनचा चौकशी अधिकारी याकोब होखस्ट्राटेन का खवळला ते यातून कळतं.

तालमुदबद्दल तो जे लिहितो ते मला या सगळ्या कागदात सगळ्यात बोलकं वाटतं. मी तालमुद वाचलेला नाही, असं तो कबूल करतो. दुप्पट किंमत द्यायला तयार होतो, तरी मिळाला नाही. खरंच आहे, संपूर्ण तालमुद छापून निघाला तो व्हेनिसला दानिएल बोंबेर्गकडे, १५२० ते २३ मध्ये. मग न वाचलेलं पुस्तक जाळू नका असं सांगायचा त्याला काय अधिकार? त्याचा प्रतिप्रश्न: जाळा म्हणणाऱ्यांनी तरी कुठे वाचलंय? शेवटी शिफारस अशी की दर विद्यापीठात दहा वर्षांसाठी हिब्रूचे दोन अध्यापक नेमावेत आणि पुस्तकं ज्यूंनी उसनी द्यावीत. पुस्तकं ज्यूंची, वाचणारे ख्रिस्ती. बघा, १४९२ पासून तो ज्या अडचणीत होता तिचंच हे राज्यव्यापी उत्तर आहे. आणि हेतू? वादात त्यांच्याच ग्रंथांनी त्यांना पटवून धर्मांतर घडवणं. म्हणजे १५०५ च्या पत्रकाशी हे भांडत नाही. धर्माच्या प्रश्नावर तो ज्यूंना चुकलेले मानतो, कायद्याच्या प्रश्नावर नागरिक मानतो, आणि अभ्यासाच्या प्रश्नावर त्यांच्याशिवाय त्याचं पान हलत नाही. तिन्ही एकदम.

तरी सगळं स्वार्थाने झालं असंही म्हणू नका. पुढच्या दहा वर्षांत त्याला जे भोगावं लागलं ते पाहता गप्प बसणं कितीतरी स्वस्त पडलं असतं. फेफरकॉर्नने १५११ च्या वसंतात ‘हातातला आरसा’ नावाचं पत्रक काढून त्याच्यावर ज्यूंकडून पैसे खाल्ल्याचा आरोप केला. त्याच शरदात रॉयख्लिनचं ‘आउगेनश्पीगेल’ (म्हणजे ‘चष्मा’) आलं. त्यात मूळ मतपत्र होतं आणि फेफरकॉर्नची ३४ असत्यं क्रमांक टाकून दिली होती. १५१२ मध्ये सम्राटाने विक्रीवर बंदी घातली. २९ मार्च १५१४ ला श्पायरच्या बिशपच्या न्यायालयाने रॉयख्लिनच्या बाजूने निकाल देऊन होखस्ट्राटेनला १११ गुल्डेन (त्या वेळची नाणी) खर्च भरायला लावला. प्रकरण रोमला गेलं. १५१६ मध्ये तिथल्या आयोगाचा कल त्याच्याकडे होता, पण पोपने कामकाज तहकूब केलं. आणि २३ जून १५२० ला पोप दहावा लिओ याने उलट निकाल दिला: पुस्तक आक्षेपार्ह, रॉयख्लिनने गप्प राहावं, खर्चही त्याच्याच माथी. ल्युथरविरुद्धचं फर्मान निघालं होतं १५ जूनला. आठ दिवसांचं अंतर बघितलं की रोमचं मन का फिरलं हे वेगळं समजावायला नको. ‘तो खटला जिंकला’ असं जिथे वाचाल तिथे समजा, लेखक १५१४ ला थांबला.

त्याला ल्युथरच्या गोटात बसवण्याची चूकही नेहमीची. तो रोमच्याच चर्चमध्ये राहिला. मेलांख्थोन ल्युथरबरोबर गेला याची त्याला खंत होती, आणि आपला ग्रंथसंग्रह त्याने त्या लाडक्या नातवाला न देता फोर्ट्सहाइमला दिला. शिवाय त्याच्या विरोधकांची टर उडवणारी ‘अप्रसिद्धांची पत्रं’ (१५१५, १५१७) त्याने लिहिलेली नाहीत. ती क्रोटुस रुबेआनुस आणि उलरिख फॉन हुटेन यांच्याकडची.

कब्बालावरची त्याची दोन पुस्तकं, १४९४ चं ‘दे व्हेर्बो मिरिफिको’ आणि १५१७ चं ‘दे आर्ते काबालिस्तिका’, तुमच्या लेखात किती घ्यायची हे जागेवर ठरवा. पहिल्यात त्याने देवाच्या चार अक्षरी नावात मधोमध शीन हे अक्षर घालून येशूचं नाव बनवलं. व्याकरणाच्या दृष्टीने ते टिकत नाही. येशूच्या हिब्रू नावात शेवटी आयिन आहे आणि ही अक्षरं तशी जुळत नाहीत. स्वतः कोश लिहिणाऱ्याने असं करावं याचं नवल वाटतं, पण तेव्हा त्याला हिब्रू नेटाने शिकू लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. दुसऱ्या पुस्तकातलं एक दृश्य मात्र घ्याच. फ्रांकफुर्टला तिघे बोलत बसलेत: सिमोन हा ज्यू, एक पायथागोरसवादी आणि एक मुसलमान. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, आला की सिमोन उठून जातो, उरलेले दोघे आपसात बोलतात, आणि त्याच्या परतण्याची वाट बघतात. ज्या माणसाचा विचार ऐकायचा त्याचा सणवार पाळला जातो, हे १५१७ सालच्या लॅटिन पुस्तकात बघायला मिळणं दुर्मिळ.

आता तुमचा तिसरा प्रश्न, मूळ पुस्तकं पाहण्याचा. लॅटिन जेमतेम असलं तरी बघा, पण क्रम असा ठेवा. ‘रुदिमेंतिस’ एकदम हातात घेऊ नका. १५१२ ची ट्युबिंगेनची ‘पश्चात्तापाची सात स्तोत्रं’ आधी घ्या. त्यात हिब्रू शब्दाला लागून लॅटिन शब्द आहे, आणि मराठी बायबल शेजारी ठेवलं की ओळ लागते. फक्त स्तोत्रांचे क्रमांक सांभाळा. मराठी बायबलात ती ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३ आहेत. व्हल्गेटच्या मोजणीत तीच ६, ३१, ३७, ५०, १०१, १२९, १४२ होतात. जुने लेखक व्हल्गेटचे क्रमांक देतात, त्यामुळे संदर्भ तपासताना एकाचा फरक पडला की लोक ‘रॉयख्लिनने चूक केली’ असं ठरवून मोकळे होतात. चूक आपल्या मोजणीत असते.

‘रुदिमेंतिस’कडे वळलात की लक्षात घ्या, पुस्तक उजवीकडून उघडतं. लॅटिन ओळी डावीकडून उजवीकडे, पानं मात्र उलटी. डिजिटल प्रतीत कधी पानं शेवटापासून लावलेली दिसतात, तेव्हा शीर्षकपान सापडत नाही म्हणून घाबरू नका, दुसऱ्या टोकाला जा. लॅटिन शब्दही तोडून छापलेले असतात, अक्षरावर आडवी रेघ म्हणजे गाळलेला म किंवा न. पहिल्या दिवशी एकच धातू शोधा, नातान हाच घ्या, आणि त्याच्याखाली दिलेली बायबलमधली उदाहरणं मराठी बायबलात काढून बघा. एवढं जमलं तर कोश कसा चालतो हे कळलं असं समजा. तिसऱ्या भागातलं व्याकरण लेखासाठी वाचायची गरज नाही.

नावाचं सांगायचं राहिलं. जुन्या लॅटिन पुस्तकांत तो ‘काप्नियो’ म्हणून येतो. जर्मन ‘राउख’ म्हणजे धूर, ग्रीकमध्ये ‘काप्नोस’, त्यावरून रोममध्ये इटालियन विद्वान एर्मोलाओ बार्बारो याने हे नाव पाडलं. सूचीत ‘र’खाली सापडला नाही तर ‘क’खाली बघा. आणि चित्राचं म्हणाल तर नेटवर फिरणारी टोपीवाल्या म्हाताऱ्याची चित्रं नंतरच्या शतकांतली आहेत. लेखाला चित्र हवंच असेल तर १५११ च्या ‘आउगेनश्पीगेल’चं शीर्षकपान द्या. त्यावर लाकडी ठशात छापलेला एक मोठा चष्मा आहे.